बिनआवाजाची गोमती

नारळी पौर्णिमेनंतरचा तिसरा दिवस, मंगळवार, दुपारच्या जेवणाची वेळ. घरात हजर: बा, म्हणजे माझा बाप, 'गोमती' नावाच्या बोटीचा नाखवा, म्हणजे मालक, आणि ती चालवणारा तांडेलही तोच; आई; दादूस, म्हणजे माझा थोरला भाऊ काशिनाथ; बाची बहीण पारूआतू, जी आमचं म्हावरं बेलापूरच्या बाजारात विकायची; आणि मी, नुकतीच वाशीच्या कॉलेजात अकरावीला जायला लागलेली. गैरहजर कुणीच नव्हतं. ही नोंद मी मुद्दाम करते, कारण पुढे बाच्या कानावरून आणि बोटीवरून घरात जेव्हा जेव्हा भांडण झालं, तेव्हा प्रत्येकाने "मना कोनी इचारलाच नाय" असं म्हणून अंग काढून घेतलं. सगळे होते. सगळ्यांना विचारलं होतं. पानात निवट्यांचं कालवण आणि तांदळाच्या भाकऱ्या होत्या, आणि कालवण चांगलं झालं होतं म्हणून सगळे शेवटपर्यंत बसलेही होते.

बा आणि मी त्या सकाळी वाशीच्या कानाच्या डॉक्टरांकडे जाऊन आलो होतो. डॉक्टरांनी एक पोलादी चिमटा गुडघ्यावर आपटून बाच्या डाव्या कानाशी धरला. बा थोडा वेळ थांबला आणि म्हणाला, "छान हाय." त्याला वाटलं, डॉक्टर चिमटा दाखवतायत. मग उजव्या कानाशी धरला तेव्हा मात्र तो दचकला. निकाल असा लागला, की डावा कान गेल्यात जमा आहे, उजवा अजून शाबूत आहे, आणि इंजिनाच्या आवाजात असंच बसत राहिलात तर तोही जाईल. डॉक्टर म्हणाले, "नाखवा, बोट सोडा किंवा कान सोडा." बाने मान हलवली. बाहेर आल्यावर मला विचारलं, "काय बोलला गो?"

आमच्या शिडाच्या होडीवर इंजिन बसलं तेव्हा मी लहान होते. त्या इंजिनाचा धूर सोडणारा पाइप सुकाणूच्या डाव्या हाताला उभा केला होता, थेट बाच्या कानाच्या उंचीवर. तो पाइप कोरडा, म्हणजे इंजिनातून निघालेला धूर तापलेला आणि धडधडता तसाच बाहेर. दिवसभर तो बाच्या कानात बोलायचा. घरी आल्यावर बा आमच्याशी बोलायचा तोही त्याच आवाजात, आणि आम्ही त्याला उत्तर देताना तसंच ओरडायचो. आमच्या घरातलं साधं "मीठ दे" शेजारच्या आळीत भांडण म्हणून ऐकलं जायचं. मला वाटायचं, सगळी घरं अशीच असतात. कॉलेजात गेल्यावर पहिल्याच आठवड्यात एका मुलीने मला हळूच सांगितलं, की तुला लांबून हाक मारायची गरज नाही, मी शेजारीच बसले आहे.

आता बाला कान कशाला हवे होते, तेही सांगते. तो जुन्या पद्धतीचा तांडेल होता. घोळ नावाचा मोठा मासा पाण्याखाली आवाज काढतो, ढोलक्यावर बोटं वाजवावीत तसा. बा इंजिन बंद करायचा, वल्ह्याचं पातं पाण्यात सोडायचा आणि दांडा उजव्या कानाला लावून डोळे मिटायचा. मग हाताने दिशा दाखवायचा आणि तिकडे जाळं पडायचं. गावात हे येणारे आणखीही होते, पण बाच्या हाताकडे बघून दुसऱ्या बोटी आपली जागा बदलायच्या. उजवा कान गेला असता तर बा समुद्रावर गेला असता, जाळंही टाकलं असतं, पण तो बा राहिला नसता. आम्हा सगळ्यांना हे कळत होतं आणि कुणी बोलत नव्हतं.

बोलला तो दादूस. त्याला ठाणे-बेलापूर रस्त्यावरच्या एका रसायनांच्या कारखान्यात नोकरी लागली होती, आणि नोकरी लागलेल्या माणसाला असतो तसा त्याच्याकडे सगळ्यावर उपाय होता. "बोट मी भाड्यानं देतो. तू आमच्या गेटवर रखवालदार म्हनून लाग. बसून पगार."

बा म्हणाला, "रखवाली कशाची करू? कारखान्यात गेली ती जमीन तर माझीच होती."

"बहिरा रखवालदार ठेवतील तं चोरांची दिवाली," पारूआतू म्हणाली आणि आणखी एक भाकरी घेतली.

मी विचारलं, "पाइपाचाच आवाज बंद करता येत नाही का?" सगळे माझ्याकडे बघायला लागले. दादूस हसला. बाने विचारलं, "काय बोलते?" मी ओरडून परत सांगितलं.

गावातल्या बोटींची इंजिनं बघणारा पास्कल मेस्त्री उरणहून यायचा. अंगाने फुगलेला, हातात कायम पान्हा, तोंडात कायम युद्ध. लढाईच्या काळात आपण गोऱ्यांच्या गस्ती बोटींवर कामाला होतो, असं तो सांगायचा. बऱ्याच वर्षांनी त्यानेच कबूल केलं, की त्या बोटी त्याने माझगावच्या धक्क्यावरून, पेरू खाताना पाहिल्या होत्या. पण तेव्हा आम्हाला ते माहीत नव्हतं, आणि माझ्या मते तोही ते विसरून गेला होता. मी त्याला पाइपाबद्दल विचारलं, तशी त्याने खाडीच्या वळणाकडे बोट दाखवलं. "तुमच्या तिवरात सोन्याची खान पडलीय आनि मला इचारता?"

खाडीकाठच्या तिवरांच्या झाडीत पडली होती ती लढाईतली लांच, म्हणजे गस्तीची मोटरबोट. लाकडी, लांबट, चिखलात कुशीवर झोपलेली. लढाई संपल्यावर कुणा व्यापाऱ्याने ती रेतीसाठी घेतली होती, मग त्यानेही ती खरकटी ताटली टाकावी तशी इथे टाकून दिली. आम्ही लहानपणी तिच्यात चिंबोऱ्या शोधल्या होत्या. त्या वर्षी जुनी जहाजं मोडतात त्या मुंबईच्या दारूखान्याचा एक भंगारवाला तिचं लोखंड आणि पितळ काढायला माणसं घेऊन आला होता. पास्कल, बा आणि मी ओहोटी बघून गेलो. लांचच्या मागच्या भागात, इंजिनाच्या रिकाम्या जागेमागे, दोन जाड पिंपं आडवी बसवलेली होती. पास्कलने पान्ह्याने एकावर ठोकलं. आवाज बद्द आला, जसा भरलेल्या माठाचा येतो.

"डबल भिंत," तो म्हणाला. "आतल्या भिंतीतून धूर जानार, दोन भिंतींमधून खारं पानी फिरनार. पुढं पानी धुरातच सोडायचं, आनि दोगं मिलून मागून भायेर. धूर थंड, आवाज थंड. रात्री दुश्मनाच्या बाजूनं गेली तरी त्याला वाटायचं, मासा गेला."

"लढाईच्या बोटीला गप्प कशाला बसायचं असतं?" मी विचारलं.

"आयकायला," बा म्हणाला. त्याला माझा प्रश्न कसा ऐकू गेला मला माहीत नाही. "सोता बोंबलत गेला तं दुसऱ्याचा काय आयकनार?"

भंगारवाल्या चाचांनी त्यातलं एक पिंप आम्हाला दिलं. बदल्यात त्यांच्या माणसांना आठवडाभर आमच्याकडून म्हावरं आणि भात, असा सौदा आईने केला, आणि मला वाटतं चाचा त्यात बुडाले, कारण त्यांची माणसं दोन आठवडे राहिली.

पाणी घातल्याने आवाज का कमी होतो, हे मला काही केल्या पटत नव्हतं. पास्कलचं उत्तर "पानी म्हंजे पानी" एवढंच. मी चुलीजवळची फुंकणी घेतली आणि आधी मोकळ्या हवेत जोरात फुंकलं, मग तिचं टोक पाण्याच्या टोपात बुडवून तेवढ्याच जोरात फुंकलं. पहिल्या वेळी भोंगा वाजला, दुसऱ्या वेळी नुसते बुडबुडे. मग तापलेल्या तव्यावर पाण्याचा शिंतोडा मारून बघितला. मग ओल्या फडक्यातून फुंकून बघितलं. आई मागे उभी होती. "पियाच्या पान्यात थुंकतेस काय गो?" म्हणून तिने तो टोप तिथेच ओतला आणि मला परत विहिरीवर पाठवलं. पण मला समजलं होतं ते असं: तापलेला धूर फुगलेला असतो, म्हणून तो धक्के मारत बाहेर पडतो. पाणी त्याला एकदम थंड करतं, तो आक्रसतो, आणि उरलेला धक्का पाण्यातच जिरतो. पुढे मी एका कारखान्याच्या भांडारात तीस वर्षं काढली, वाफेचे आणि धुराचे कितीतरी पाइप हातून गेले, मोठ्या अभियंत्यांची भाषणं ऐकली. त्यांनी याहून वेगळं काही सांगितलं नाही. शब्द तेवढे मोठे होते.

दसऱ्याच्या आधी पिंप गोमतीवर चढलं. उभा पाइप गेला, त्या जागी आडवा आला आणि बोटीच्या पाठीतून बाहेर निघाला. पिंप आणि इंजिन यांच्या मध्ये एक लोखंडी तुकडा होता, त्याला बाहेरून मूठ आणि वरच्या अंगाला एक मोठं भोक. मूठ गंजून घट्ट बसली होती. भोक कशाला, असं मी विचारलं तर पास्कल म्हणाला, "जादाचं हाय," आणि त्याने त्यावर पत्र्याचं ठिगळ जोडून टाकलं. तो पहिल्या दिवशी आणखी एक गोष्ट विसरला. आमच्या बोटी ओहोटीला चिखलावर टेकतात आणि एका कुशीवर कलतात. गोमती कलली, पिंपातलं उरलेलं खारं पाणी आडव्या पाइपातून मागे इंजिनात गेलं. दुसऱ्या दिवशी तेल काढलं तर ते दुधाच्या चहासारखं. बा त्या तेलाकडे बघत राहिला. आई म्हणाली, "मेस्त्री, लढाईत किती बोटी बुडवल्या तुमी?" पास्कलने मान खाली घालून इंजिन धुतलं, आणि मग पाइपाला बगळ्याच्या मानेसारखा वर जाऊन खाली येणारा बाक दिला, म्हणजे पाणी चढून मागे जाऊ नये. त्यानंतर पिंपाने कधी त्रास दिला नाही.

पहिल्यांदा गोमती त्या पिंपासकट सुटली तेव्हा आम्ही सगळे धक्क्यावर होतो. इंजिन चालू झालं हे आम्हाला पाण्यावरून कळलं. मागून एखाद्या म्हशीने सावकाश पाणी प्यावं तसा आवाज, बस. बाने सुकाणूवरून वळून बघितलं, हात हलवला आणि काहीतरी बोलला. आम्हाला ते ऐकू आलं! तो म्हणत होता, "काशिनाथ, तुजी लुंगी सुटली." दादूसने लुंगी धरली. मला वाटतं, धक्क्यावरची आणि बोटीवरची माणसं एकमेकांशी बोलू शकतात, हे गावाने त्या दिवशी पहिल्यांदा पाहिलं.

महिन्याभरात आमच्या घराचा आवाज उतरला. बा हळू बोलायला लागला, आणि एके दिवशी जेवताना म्हणाला, "तुमी सगली इतकी वरडता कशाला?" आई त्याच्याकडे बघतच राहिली. डॉक्टरांनी परत चिमटा लावला, उजवा कान होता तसाच आहे असं सांगितलं. बाला इंजिन बंद न करताच, नुसतं हळू करून, वल्ह्यातून घोळ ऐकू यायला लागली. पास्कल गावभर सांगत फिरला, की अजून दोन बोटींना असंच करून देतो. एकूण सगळं मार्गी लागलं होतं. निदान माझ्या हिशेबात तरी.

माझ्या हिशेबात एक गोष्ट राहिली होती. आमच्या गावात बोटी डोळ्यांनी ओळखत नसत, कानांनी ओळखत. प्रत्येक इंजिनाची चाल वेगळी. कुणाची टुकटुक, कुणाची धापा टाकत येणारी, आमची तिसऱ्या ठोक्याला लंगडणारी. बोट खाडीच्या तोंडाशी आली, की घरात बसलेल्या बाईला कळायचं, आपला माणूस आला. मग ती भात उतरवायची, टोपली घ्यायची, धक्क्यावर जायची. आईने तर चुलीवरचा चहा त्या आवाजावर ठेवायचा ठरवलेला. आता गोमती येऊन धक्क्याला लागायची आणि धक्क्यावर कुणी नसायचं. पारूआतूने दोनदा धावत येऊन शिव्या दिल्या: "चोरासारका येतोस! म्हावरं उन्हात ठेवून मना काय सुकट करून इकायची हाय?" बा हसायचा. आई हसत नव्हती. ती दुपारपासून खाडीच्या बांधावर जाऊन बसायला लागली. कामं बांधावर न्यायची: जवळा निवडायचा तोही तिथे, भांडी घासायची तीही तिथे. मी विचारलं तर म्हणायची, "वारा बरा हाय हितं."

पौषातली ती संध्याकाळ. खाडीवर धुकं, त्यात कारखान्यांचा धूर मिसळलेला, सूर्य तांब्याच्या पैशासारखा. बोटी एकामागून एक आत येत होत्या, आई प्रत्येकीचं नाव घेत होती, दिसायच्या आधी. शेवटची आली ती आमच्या शेजाऱ्यांची, धर्मा तांडेलची. आईने विचारलं, "आमचे?"

"दुपारपासून दिसला नाय वैनी," धर्माकाका म्हणाले. "धुक्यात आमी येकमेकांचा आवाज आयकून चालतो. त्याचा कुटं आयकाचा?" आणि मग त्यांनाच आपण काय बोललो ते कळलं.

आई उठली नाही. हातातलं भांडं घासत राहिली. मी तिला तेवढी घाबरलेली त्याआधी पाहिली नव्हती आणि नंतरही नाही. दादूस कारखान्यातून नुकताच आला होता. त्याने धर्माकाकांचा हात धरला आणि आम्ही दोघं त्यांच्याच बोटीत चढलो. आणखी चार-पाच बोटी निघाल्या. आमच्याकडे हरवलेली बोट शोधायची रीत ठरलेली: थोडं पुढे जायचं, सगळ्यांनी इंजिनं बंद करायची, आणि ऐकायचं. मग परत चालू, परत पुढे, परत बंद. इंजिनं एकामागून एक बंद व्हायची आणि खाडी एवढी शांत व्हायची, की धुक्यात थेंब पडल्यासारखं काहीतरी ऐकू यायचं. त्या शांततेत सगळे कान देऊन एका अशा बोटीचा आवाज शोधत होते, जिला आवाज नव्हता. हे मला तेव्हाच कळलं होतं, आणि मला वाटतं दादूसलाही. पण बोलणार कोण? दुसरी रीत कुणालाच ठाऊक नव्हती. आम्ही ऐकत राहिलो.

चौथ्या की पाचव्या खेपेला आम्ही असेच गप्प उभे असताना धर्माकाकांच्या बोटीच्या कडेला काहीतरी घासलं. धुक्यातून नाळ, म्हणजे बोटीचं पुढचं टोक, पुढे आली, मग गोमती, मग सुकाणूवर उभा बा. हातात कंदील, चेहरा गंभीर. त्याने आमच्याकडे बघून हळू आवाजात विचारलं,

"कोन हारवला रं?"

बा पुन्हा म्हणाला, "कवाची इंजिनं बंद करून आयकताय तुमी. मना आयकू आला. मी पन तिकरं जाऊन शोधून आयलू, कोनी नाय तिकरं. कोनाची बोट?"

दादूस म्हणाला, "तुजी!"

बाने मागे वळून आपल्याच बोटीकडे बघितलं. मग धर्माकाका हसायला लागले, एका हाताने दोरी धरून, पोट धरायला दुसरा हात पुरेना. दादूस मात्र खाली बसला आणि त्याने तोंड झाकून घेतलं. झालं होतं ते इतकंच: पाणी चढेपर्यंत बा नांगर टाकून एका उथळ जागी थांबला होता. आमची इंजिनं बंद पडताना त्याच्या शाबूत कानाने ऐकली, कुणीतरी हरवलंय हे ओळखलं, आणि बाप माणूस स्वतःला शोधायला निघाला. धुक्यात आमच्या बोटींमधून दोनदा गेलाही असेल. आणखी हातभर पुढे आला असता तर आमची बोट फोडली असती.

धक्क्यावर आई उभी होती. बा उतरला, तिला काहीतरी सांगायला लागला. ती वळून घरी गेली. त्या दिवसापासून आठवडाभर ती बाच्या डाव्या बाजूला बसून जेवण वाढायची, आणि जे काय बोलायचं ते सगळं त्या मेलेल्या कानात बोलायची. ओठ हलताना दिसायचे. बा विचारायचा, "काय बोलतंस?" ती म्हणायची, "काय नाय. जेव." उजवीकडे बसलेल्या मला सगळं ऐकू जायचं, आणि ते इथे लिहिण्यासारखं नाही. पण त्यात शिव्या कमी आणि बांधावरच्या दुपारी जास्त होत्या.

गावातल्या मोठ्या माणसांनी बाला बोलावून सांगितलं, की पिंप काढ. धुक्यात बिनआवाजाची बोट म्हणजे पाण्यातला खडक. त्यांचं चूक नव्हतं. बा घरी आला आणि दादूसला म्हणाला, "तुजी ती गेटवरची जागा. इचार." त्याने परत उभा पाइप लावायचं म्हटलं असतं तर मला एवढं वाटलं नसतं. पण त्याने कान ठेवला आणि बोट सोडली, म्हणजे कान ठेवून करायचं काय, तेच सोडलं. दादूसला हवं ते मिळालं होतं, तरी तो नुसता दाराकडे बघत होता. आईच्या हातात ताट होतं. ती पहिल्यांदा उजव्या बाजूला येऊन बोलली: "मी काय बोट सोड म्हनली का?"

मी बोटीवर जाऊन बसले. रडायला गेले होते, पण समोर ती गंजलेली मूठ होती, आणि मला न कळलेली वस्तू समोर असली की माझं रडं मागे पडतं. लढाईच्या बोटीवर जादाचं काही कशाला ठेवतील? मी मुठीवर रॉकेल सोडलं. दुसऱ्या दिवशी परत सोडलं. तिसऱ्या दिवशी खोबरेल तेल आणि हातोडीचे हलके ठोके. मूठ हलली. तिच्याबरोबर आत काहीतरी फिरल्याचा आवाज आला, झडप मिटावी तसा. ती मूठ एकीकडे केली की धूर पिंपात, पाण्याकडे. दुसरीकडे केली की पिंपाची वाट बंद आणि धूर सरळ त्या भोकाकडे, ज्यावर पास्कलने ठिगळ जोडलं होतं. म्हणजे गोऱ्यांच्या लांचला दोन गळे होते. एक गप्प जायला आणि एक ओरडायला, आणि कुठला वापरायचा ते सुकाणूवरच्या माणसाच्या हातात.

पास्कलला निरोप गेला. त्याने मूठ दोनदा फिरवून बघितली, घाम पुसला आणि म्हणाला, "तेच तर मी सुरवातीपासून बोलत होतो." कुणी त्याला अडवलं नाही. त्याने ठिगळ कापून काढलं आणि त्या भोकाला आखूड कोरडा पाइप बसवला, तोंड मागे, बाच्या कानापासून शक्य तितकं लांब. ठरलं असं: बाहेर, जाळ्यावर, मूठ पाण्याकडे. धुक्यात आणि खाडीच्या तोंडाशी मूठ उघडी, कानात कापूस. मोठ्या माणसांनी एकदा धक्क्यावर उभं राहून दोन्ही आवाज ऐकून घेतले, लग्नात बँडवाला ठरवावा तसे, आणि माना हलवल्या.

पहिल्या दिवशी बाने तोंडाशी येऊन मूठ उघडली, तेव्हा आई बांधावर नव्हती, चुलीशी होती. आवाज आला. ती म्हणाली, "हा आपला नाय." नव्या पाइपातून ठोका लंगडत नव्हता. तिने तो पुन्हा ऐकला, आणि चहाचं आधण ठेवलं ते थोडं उशिरा ठेवलं. आठवड्याभरात तिला तो पाठ झाला.

गस्तीच्या बोटींना ती दुहेरी सोय वेगासाठी असते, पाण्यातून धूर ढकलताना इंजिनाचा दम जातो म्हणून, असं मला पुढे कारखान्यात एकाने सांगितलं. खरंच असेल. पण मला अजून कुतूहल आहे, की ती लांच गस्त घालून पहाटे बंदरात शिरताना तिच्यावरच्या माणसांनी मूठ कधी उघडली असेल. आपल्याच लोकांनी आपल्यावर गोळ्या झाडू नयेत म्हणून तरी उघडली असेलच ना? हे विचारायला आता कुणी नाही.

बा त्यानंतर पुष्कळ वर्षं समुद्रावर गेला. उजवा कान शेवटपर्यंत राहिला. दवाखान्यात शेवटच्या दिवशी त्याने नर्सच्या चपलेची कुरकुर ऐकून तिला तेल लावायला सांगितलं. गोमती त्याच्याआधी गेली. दादूसची मुलं आता नोकऱ्या करतात, खाडीवर पूल आणि मेट्रो आहे, आणि आई माझ्याकडे खारघरला राहते, अकराव्या मजल्यावर. तिला अलीकडे ऐकू येत नाही. दाराची घंटा नाही, कुकरची शिट्टी नाही. आता घरात मी ओरडते आणि खालच्या मजल्यावरचे तक्रार करतात.

वाशीच्या डॉक्टरांनी तिच्या कानाचं माप घेऊन ठेवलंय. मशीन तयार आहे, नुसतं जाऊन बसवून आणायचं. माझ्या फ्रिजवरच्या कामांच्या यादीत ते पहिलं आहे, आणि दर सोमवारी मी नवी यादी करते तेव्हा परत पहिलंच येतं. वीजबिल खोडलं जातं, गॅसचं खोडलं जातं, सोसायटीची मीटिंग खोडली जाते. गेल्या सोमवारी मी रिक्षाही बोलावली होती. आई खुर्चीतून हलली नाही. मी तिच्या कानाशी वाकून म्हटलं, "आई, ऐकू येईल गं सगळं."

"सगला आयकून काय करू?" ती म्हणाली. "कोनाची बोट याची हाय आता?"

मी रिक्षावाल्याला परत पाठवलं. येत्या सोमवारी पुन्हा विचारायचं आहे.